तिकीट काउंटरवरचा भूगोल

आमच्या धंद्यात संगणक रुळण्यापूर्वी विमानाचे तिकीट मैल मोजून तयार व्हायचे. ऐंशीच्या दशकात ट्रॅव्हल एजन्सीत नव्याने लागलेल्या मुलासमोर भाड्यांची जाडजूड पुस्तके येत आणि भिंतीवर जगाचा नकाशा असे. एका भाड्यात जास्तीत जास्त किती मैल जाता येईल, तो आकडा पुस्तकात छापलेला असे. टप्प्याटप्प्याच्या मैलांची बेरीज त्याच्या आत बसली, तर पूर्ण भाडे भरलेला प्रवासी जादा पैसे न देता वाटेतल्या शहरांतही मुक्काम करी. बेरीज वर गेली की भाडे पाच टक्क्यांनी वाढे, मग दहा, पंधरा, असे करत पंचवीसपर्यंत. त्यापुढे तिकीट तोडावे लागे. मुंबईहून लंडनला निघालेल्या गिऱ्हाईकाला वाटेत रोम बसते की नाही, हे नकाशा डोक्यात असलेला माणूस पुस्तक उघडण्याआधीच सांगायचा. माझ्या मते या व्यवसायातली खरी कारागिरी ती होती.

‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या संघटनेचा भूगोलही निराळा. पहिल्या विभागात दोन्ही अमेरिका, दुसऱ्यात युरोप, आफ्रिका आणि मध्यपूर्व, तिसऱ्यात बाकीचा आशिया आणि ऑस्ट्रेलिया. त्यात मोरोक्को युरोपात मोडतो आणि इजिप्त मध्यपूर्वेत. शाळेतला नकाशा मनात ठेवून हे नव्याने पाठ करावे लागे, कारण भाडे त्यावर ठरे.

मग खुद्द नकाशाच बदलू लागला. 1991 मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, 1993 मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले, 2011 मध्ये दक्षिण सुदान जन्माला आला. लेनिनग्राडचे सेंट पीटर्सबर्ग झाले, तरी विमानतळाचा कोड ‘एलईडी’च राहिला. मुंबईचाही ‘बीओएम’ अजून तोच आहे. 2011 च्या शेवटी सामोआने आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली आणि तिथे 30 डिसेंबर उगवलाच नाही.

संगणकाने मैलांची बेरीज हातातून काढून घेतली. 1 जून 2008 पासून कागदी तिकिटेही बंद झाली. काम झपाट्याने सोपे झाले, याचा मला आनंदच आहे. पण पडद्यावर शहराचे नाव टाकले की शहर मिळते. ते कुठे आहे, त्याच्या शेजारी काय आहे, हे कळतेच असे नाही. 2002 मध्ये ब्रिटनमधले एक तरुण जोडपे ऑस्ट्रेलियाच्या सिडनीऐवजी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातल्या सिडनीला जाऊन उतरले. जगाचा नकाशा पाहायची सवय असलेल्याला हॅलिफॅक्समार्गे सिडनी हे वाचताच शंका आली असती.

सपाट नकाशाही फसवतो. भिंतीवरच्या मर्केटर नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. त्याच नकाशावर बोट ठेवून भारत ते सॅन फ्रान्सिस्को रेघ ओढली तर ती पॅसिफिकवरून जाते, पण पृथ्वीगोलावर दोरा ताणला की तो उत्तरेकडे चढतो. जानेवारी 2021 मध्ये एअर इंडियाचे सॅन फ्रान्सिस्को–बंगळुरू विमान उत्तर ध्रुवावरून आले. जून 2023 मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियातल्या मगदानला उतरवावे लागले. अमेरिकेला जाणारे विमान सैबेरियाच्या टोकाला कसे पोहोचले, असा प्रश्न तेव्हा कित्येकांना पडला. पृथ्वीगोल हाताळलेल्याला तो पडत नाही.

गेल्या काही वर्षांत तर हा भूगोल थेट गिऱ्हाईकाच्या खिशापर्यंत आला. 2022 पासून रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद आहे. हेलसिंकीहून टोकियोला साडेनऊ तासांत जाणारे विमान तेरा तासांच्या आसपास घेऊ लागले. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची काही विमाने इंधनासाठी व्हिएन्नात थांबू लागली. तिकीट विकणाऱ्याला हे कारण सांगता आले पाहिजे.

म्हणून या व्यवसायात येणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे: टेबलावर एक पृथ्वीगोल ठेवा, आणि बुकिंग पक्के करण्याआधी विमान कोणकोणत्या देशांवरून जाणार आहे, ते त्यावर एकदा बोट फिरवून पाहा.