वळीव येण्याआधी परड्यात एक फेरी

मे महिन्यातली उचगावची दुपार. नुसती काहिली! झाडाचं पान हलत नाही. चारच्या सुमाराला आभाळ काळंकुट्ट होतं आणि गार वाऱ्याचा झोत अंगावर येतो. पाऊस अजून शेजारच्या गावात. मग वारं आधी कसं पोचलं?

वळवाचा ढग दहा-बारा किलोमीटर उंच वाढतो. त्यातून पडणाऱ्या थेंबांपैकी काही वाटेतच सुकतात आणि भोवतालची हवा गार करतात. गार हवा जड. ती धाडकन खाली येते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. पावसाच्या पुढे धावत येते ती हीच.

आता गंमत बघा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा जोर किती वाढेल? दुप्पट? छे, चौपट! म्हणून तर गोठ्यावरचा सुटा पत्रा बघता बघता उडतो, आणि त्याची धार भलती वाईट. पत्रे, बादल्या, रिकामे डबे मोठ्यांच्या मदतीनं आधीच आत घ्या किंवा बांधा. शेवग्याकडेही बघा. शेंगा झकास, पण लाकूड अगदी ठिसूळ! घरावर झुकलेली फांदी वळवाआधीच मोठ्यांकडून उतरवून घ्या.

वारं सुटलं की आंब्याखाली पडलेल्या कैऱ्या वेचायला पळायचं, हे आपलं सगळ्यांचं आवडतं काम. पण गडगडाट ऐकू आला की कैऱ्या राहू द्या, घरात या. उंच झाडावर वीज पडायचा धोका जास्त, आणि ती खोडातून बाजूला उभ्या असलेल्या माणसावरही उडी घेते. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीननं भागा. वीज किती किलोमीटरवर आहे ते कळेल. मोजायचं मात्र घरात बसून! शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. तार तुटून पडली असेल, तर हेस्कॉम या वीज कंपनीची माणसं येईपर्यंत तिच्या जवळपासही फिरकू नका.

पाऊस थांबला, ऊन पडलं, झालं? नाही हं. परड्यातली करवंटी पाण्यानं भरलीय. डेंग्यूच्या डासाला एवढं तळं पुष्कळ! अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून दर रविवारी करवंट्या, जुने टायर, कुंडीखालच्या ताटल्या रिकाम्या करा. हौद, बादल्या आतून घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडली, तरी कित्येक महिने जिवंत राहतात.