बांधीतल्या कबड्डीपासून आजवर

धानाची कापणी आटोपली की गोंदियाजवळच्या आमच्या नागरा गावात बांधी मोकळी व्हायची आणि आम्ही तिथंच कबड्डीची रेघ ओढायचो. भेगाळलेली जमीन, धानाची खुंटं, अनवाणी पाय. मोच आली की औषध ठरलेलं, हळद-चुन्याचा गरम लेप आणि करकचून मालिश. 1988 साली शालेय सामन्यात माझा घोटा मुरगळला. सरांनी पाय ओढला, चोळला आणि मला पुन्हा चढाईला पाठवलं. त्यांच्या मनात माया होती, पण उपाय उलटा होता. ताज्या मुरगळीवर शेक आणि मालिश केली की सूज वाढते. तो घोटा अजून थंडीत ठणकतो.

विदर्भात शारीरिक शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं, 1936 मध्ये त्याचे खेळाडू बर्लिनला भारतीय खेळ दाखवून आले. पोरांना खेळवणारे शिक्षक या मातीत घडले. पडलेल्या पोराला कसं सांभाळायचं, ते शास्त्र मात्र नंतर पुढे सरकलं. 1978 मध्ये गेब मिर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं ही चतुःसूत्री रूढ केली. 2014 मध्ये त्यांनीच सांगितलं की बर्फानं वेदना थांबते, पण भरून येणं लांबू शकतं. एकदा शिकलेला धडा आयुष्यभर पुरत नाही, हे माझ्या मते त्यातून दिसतं.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 2008 मधला नॉर्वेचा प्रयोग. 13 ते 17 वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना प्रशिक्षकांनी सरावाआधी वीस मिनिटं धावणं, तोल सांभाळणं, उडी मारून नीट उतरणं, मांड्यांना बळ देणं असा ठरीव व्यायाम दिला. गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. यंत्र लागलं नाही, लागला तो शिकलेला प्रशिक्षक.

1999 मध्ये गोंदिया वेगळा जिल्हा झाला, 2016 मध्ये इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. पण घोटा मुरगळतो तेव्हा पहिली दहा मिनिटं पीटी सरांच्याच हातात असतात. डोक्याला मार लागून पोर गोंधळलं, तर त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात उतरवायचं नाही. उन्हात भान हरपलं, तर गाडीची वाट न बघता आधी अंगावर पाणी ओतायचं. एवढं तरी प्रत्येक सरांना यायला हवं.

वैद्यकीय महाविद्यालयातल्या अस्थिरोग विभागाला माझी विनंती आहे. दर जूनमध्ये, शाळा उघडताना, जिल्ह्यातल्या पीटी सरांसाठी एक दिवस द्या.