आधी पडायला शिकवणारी विद्या

महाविद्यालयात दाखल होताच कराटे घ्यावे, तायक्वांदो घ्यावे, की कोल्हापूरच्या एखाद्या तालमीत जाऊन लाठी-दांडपट्टा हाती धरावा, अशा संभ्रमात जे विद्यार्थी असतील, त्यांना माझी शिफारस (पक्षपात आधीच कबूल करतो) ज्यूदोची आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली, वयाच्या अवघ्या २१व्या वर्षी, जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतील घातक डाव मोकळ्या सरावातून बाजूस सारून तोक्योतील एका बौद्ध मंदिरात जे कोदोकान विद्यालय सुरू केले, त्यातून ही विद्या उदयास आली. १९६४ साली तिचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश झाला.

पहिले काही दिवस फेकणे नाहीच, केवळ पडणे: हनुवटी छातीशी, पाठ गोलाकार, आणि तळव्यापासून कोपरापर्यंतचा हात चटईवर सपकन आपटायचा, म्हणजे आघात विभागला जातो व डोके बचावते. लाल मातीत अंग घासलेल्यास ही झोंबाझोंबी परकी वाटणार नाही. मात्र पकड इथे अंगरख्याच्या गळपट्टीची आणि बाहीची असते.

फी भरण्यापूर्वी एक संध्याकाळ वर्गाच्या कडेला बसून पाहा, आणि नवख्याला पडणे न शिकवताच उचलून आपटत असतील, तर खुशाल परत फिरा.