रात्रीचे पाणी आणि पोटाचे वेळापत्रक



उसाला पाणी कधी द्यायचे हे आपल्या हातात फारसे राहिलेले नाही. ज्या भागात शेतीपंपाची थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते, तिथे काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री पाळी येते. रात्री दहाला लाईट आली की बॅटरी आणि खोरे घेऊन निघायचे, मोटार चालू करायची, दारे धरायची आणि भरणे उरकून पहाटे चारला घर गाठायचे, हा अनेकांचा नेम झाला आहे. गळीत हंगामात कारखान्यातल्या रात्रपाळीच्या कामगारांचे आणि ऊसवाहतूक करणाऱ्या ड्रायव्हर मंडळींचेही असेच असते.

पिकाच्या पाण्याचे वेळापत्रक आपण वहीत लिहून ठेवतो. उशिरा झोपणाऱ्या माणसाच्या खाण्याचे वेळापत्रक मात्र कोणी ठरवत नाही. ते कसे बेतावे, याची माहिती या लेखात देत आहोत.

जागरणाने भूक का वाढते?

आपल्या शरीरात एक घड्याळ असते आणि ते मुख्यतः उजेड-अंधारावर चालते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपण चार दिवस रात्री जागलो म्हणून हे घड्याळ लगेच उलटे फिरत नाही. डोळे उघडे असले तरी मध्यरात्री शरीर झोपेच्याच तयारीत असते.

रक्तातली साखर आवरणारे इन्शुलिन त्या वेळी दिवसाइतके चांगले काम करीत नाही. त्यामुळे दुपारी खाल्लेली भाकरी आणि रात्री दोनला खाल्लेली तेवढीच भाकरी यांत फरक पडतो. रात्रीच्या भाकरीने रक्तातली साखर जास्त चढते आणि उतरायला जास्त वेळ लागतो. शिवाय झोप कमी झाली की भूक लावणारा स्राव वाढतो आणि गोड-तळलेले खावेसे वाटते. जागरणात सारखे तोंड चाळवावेसे वाटते त्यामागे हे एक कारण आहे. ही भूक नेहमीच पोटाची नसते, बऱ्याच वेळा ती झोपेची असते.

हिशेब उष्मांकांचा

अन्नातून मिळणारी शक्ती उष्मांकात म्हणजे कॅलरीत मोजतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या आकड्यांप्रमाणे ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामात रोज २११०, मध्यम कष्टात २७१० आणि जड कष्टात ३४७० उष्मांक लागतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे १६६०, २१३० आणि २७२० आहेत. हा हिशेब चोवीस तासांचा आहे. काम दिवसाऐवजी रात्री केले म्हणून गरज वाढत नाही. ठिबक असेल आणि नुसते व्हॉल्व्ह बदलून बांधावर बसायचे असेल, तर उलट कमीच लागते.

आता रात्रीत नकळत किती पोटात जाते ते पाहू. दोन चमचे साखर घातलेले चार कप चहा झाले, तर दूध धरून ३०० उष्मांकांच्या आसपास जातात. बिस्किटाचा छोटा पुडा सव्वादोनशेचा आणि ५० ग्रॅम फरसाण अडीचशेचे. बेरीज पावणेआठशे झाली. ७५ ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी अडीचशे उष्मांकांची धरली, तर तीन भाकरी जास्तीच्या झाल्या! “रात्री काही जेवलो नाही, नुसता चहा-बिस्कीट झालं,” असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा करावा.

वेळापत्रक कसे बेतावे?

पहाटे चार ते दहा-साडेदहा झोप आणि मध्यम कष्ट असे धरून खालील नमुना दिला आहे. आपल्या वजनाप्रमाणे आणि कामाप्रमाणे कमी-जास्त करावे.

१. संध्याकाळी ७ ते ८ : मुख्य जेवण. दोन भाकरी, वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, भाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक. सुमारे ८५० उष्मांक. रानात निघण्याआधी जेवण व्हावे, डबा बांधून बारा वाजता जेवू नये.

२. रात्री १२ च्या सुमारास : मूठभर फुटाणे, एखादे फळ आणि एक कप चहा. सुमारे २५०. चहाची तरतरी पाच-सहा तासांनीही पुरती उतरत नाही, म्हणून बारानंतर चहा नको. पाण्याची बाटली मात्र जवळ ठेवावी.

३. पहाटे ४ वाजता : कपभर बिनसाखरेचे दूध. सुमारे १५०. भरल्या पोटी झोपले तर जळजळते आणि अगदी रिकाम्या पोटी झोप लागत नाही.

४. सकाळी १०-१०.३० : उठल्यावर पोटभर न्याहारी. दोन भाकरी, पिठले किंवा एक अंडे, पालेभाजी. सुमारे ७००.

५. दुपारी २ ते ३ : जेवण. भाकरी, भात, आमटी, भाजी, कांदा, काकडी. सुमारे ७५०.

एकूण २७०० झाले. यातली दुपारची आणि संध्याकाळची जेवणे खुंटीसारखी पक्की ठेवावीत. विजेची पाळी दिवसाची आली तरी ती हलवू नयेत. न्याहारी तेवढी सकाळी आठला घ्यावी आणि मध्यरात्रीचे व पहाटेचे खाणे बंद करून तेवढे दिवसाच्या जेवणात वाढवावे. दिवसाची पाळी आली तरी रात्रीच्या खाण्याची सवय तशीच राहते आणि वजन तिथेच वाढते.

सकाळी धार काढायला उठावे लागत असेल, तर झोपेचे दोन तुकडे करावेत. धारेनंतर पुन्हा किंवा दुपारच्या जेवणानंतर झोपावे, पण चोवीस तासांत सात तास भरले पाहिजेत.

साखरेबद्दल दोन शब्द

साखर कारखान्याच्या पत्रिकेने हे सांगावे याचे काहींना नवल वाटेल. पण माल आपला आहे म्हणून त्याचे प्रमाणही आपल्याला कळले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितल्याप्रमाणे वरून घेतलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी चांगले. २७०० उष्मांक खाणाऱ्याला दहा टक्के म्हणजे साधारण ६७ ग्रॅम. रात्रीच्या चार कप चहातच ४० ग्रॅम संपते. गूळ, काकवी आणि उसाचा रसही याच हिशेबात येतात. “गूळ चालतो” हा समज सोडून द्यावा.

मधुमेह असणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे

गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्या सभासदांनी रात्रीची पाळी लागण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून औषधाची व जेवणाची वेळ ठरवून घ्यावी. आपल्या मनाने डोस मागे-पुढे करू नये. औषध घेतले आणि जेवण चुकले, तर रात्री रानात एकट्याला घाम सुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. शेजारी विहीर आणि विजेचा स्टार्टर असतो, हे विसरू नये. अशा वेळी तीन चमचे साखर लगेच खावी, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच खावी आणि बरे वाटल्यावर काहीतरी जेवावे. म्हणून खिशात साखरेची पुडी ठेवा. घरच्यांना सांगून जा, शक्यतो सोबतीला कोणीतरी घ्या.

घरच्या बाईचे काय?

दारे धरणारा पहाटे येतो तेव्हा दार उघडायला तीच उठते, आणि तिचा दिवस तिथूनच सुरू होतो. पुष्कळ घरांत ती सगळ्यांच्या मागून, उरलेले खाते. अनेक भगिनी स्वतःही दारे धरतात. वरच्या नमुन्यात चूल दोनदाच पेटवावी लागते, सकाळी उशिरा आणि संध्याकाळी. दुपारचे जेवण सकाळच्या स्वयंपाकातच करून ठेवावे, फुटाणे-फळ गड्याने स्वतः बांधून घ्यावे, पहाटेचे दूध स्वतः ओतून घ्यावे आणि दाराची एक किल्ली जवळ ठेवावी. तिचीही झोप सात तास झाली पाहिजे, आणि संध्याकाळी सातचे जेवण सर्वांनी एका पंगतीला बसून घ्यावे.

वीज रात्री येते तोवर रात्रीचे पाणी टळत नाही, त्याबरोबर येणारे जास्तीचे खाणे मात्र टाळता येते. सभासदांनी येत्या पाळीपासून आठ दिवस रोज काय आणि किती वाजता खाल्ले याची पाण्याच्या वहीतच नोंद ठेवावी आणि पाळी संपल्यावर घरात सर्वांनी मिळून ती वाचावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.