बॅन्फ : ग्रँट डफचे गाव आणि मराठी इतिहासाचा एक धागा

मे १८१८ मध्ये सोलापूरची पेठ आणि भुईकोट किल्ला ज्याने घेतला तो जनरल टॉमस मन्रो मूळचा ग्लासगोचा. पेशव्यांचा मुलूख ताब्यात आल्यावर त्याची व्यवस्था लावणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनही स्कॉटिश. आणि साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी कंपनीचा प्रतिनिधी म्हणून ज्याला नेमले, तो तिशीच्या आतला कॅप्टन जेम्स ग्रँटही स्कॉटलंडचाच. पेशवाई इंग्रजांनी बुडवली असे आपण सरसकट म्हणतो. पण तो शेवटचा अंक पार पाडणारी कितीतरी माणसे इंग्लंडच्या उत्तरेकडील या थंड, डोंगराळ देशातून आलेली होती.

या तिघांपैकी ग्रँटचे नाव मराठी वाचकाच्या ओठांवर अधिक आहे, फक्त ते 'ग्रँट डफ' असे. मराठ्यांचा पहिला सलग, कागदपत्रांच्या आधारे लिहिलेला इतिहास त्याचा. त्याचा जन्म ८ जुलै १७८९ रोजी बॅन्फ या गावी झाला. महाराष्ट्रातून स्कॉटलंडला जाणारे पर्यटक एडिंबरा, लॉक नेस आणि फार तर स्काय बेट पाहून परततात. बॅन्फ कोणाच्याच कार्यक्रमात नसते. म्हणूनच या गावाची थोडी ओळख करून द्यावीशी वाटते.

बॅन्फ ईशान्य स्कॉटलंडमध्ये मोरे फर्थ या विस्तीर्ण आखाताच्या काठी आहे. ॲबर्डीनहून बसने तिथे जाता येते. रेल्वेचा फाटा १९६४ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाला. गाव छोटे, दगडी घरांचे, समुद्राकडे उतरत जाणारे. डेव्हरॉन नदी इथेच समुद्राला मिळते आणि मुखापलीकडे मॅकडफ हे जोडगाव आहे. दोन्ही गावांना जोडणारा सात कमानींचा दगडी पूल जॉन स्मीटन या नामांकित अभियंत्याने १७७९ मध्ये पुरा केला. आधीचा पूल काही वर्षांतच पुराने वाहून गेला होता. नदीच्या गाळाने बॅन्फचे बंदर भरत गेले आणि मासेमारीचा मोठा व्यवहार मॅकडफकडे सरकला. खाडी गाळाने भरली की बंदर मागे पडते, हे चौल-दाभोळचा इतिहास जाणणाऱ्याला वेगळे सांगायला नको. आज बॅन्फच्या बंदरात हौशी लोकांच्या नौका उभ्या असतात.

गावाचे मुख्य आकर्षण म्हणजे डफ हाउस. विल्यम डफ या धनाढ्य जमीनदारासाठी विल्यम ॲडम या वास्तुविशारदाने १७३५ मध्ये या वाड्याचे काम सुरू केले. खर्चावरून मालक आणि वास्तुविशारद यांचे बिनसले, प्रकरण न्यायालयात गेले आणि वाड्याच्या दोन्ही बाजूंचे नियोजित भाग कधीच बांधले गेले नाहीत. मालक तिथे राहायला गेला नाही. वाड्यावरून जाताना तो गाडीचे पडदे ओढून घेई, असे सांगतात. १९०६ मध्ये वाडा दोन्ही गावांना दान मिळाला. पुढे तो हॉटेल झाला, रुग्णालय झाला, दुसऱ्या महायुद्धात युद्धकैद्यांची छावणी झाला आणि १९९५ पासून तिथे चित्रसंग्रह आहे. वाड्यामागून नदीकाठाने गर्द झाडीतली पायवाट आल्वाच्या जुन्या पुलापर्यंत जाते. एक सकाळ त्यासाठी राखून ठेवावी.

पश्चिमेला पोर्टसॉय हे सतराव्या शतकातले बंदर आहे. उन्हाळ्यात तिथे जुन्या धाटणीच्या नौकांचा उत्सव भरतो. पूर्वेला कड्याच्या पायथ्याशी एका ओळीत वसलेले पेनन आणि गॅनेट या समुद्रपक्ष्यांची मोठी वसाहत असलेले ट्रूप हेड आहे.

जेम्सचे बालपण या परिसरात गेले. तो लहान असतानाच वडील वारले आणि आई मुलांना घेऊन ॲबर्डीनला गेली. सोळाव्या वर्षाच्या सुमारास तो कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाला. एल्फिन्स्टनच्या हाताखाली तयार होऊन तो साताऱ्यास पोहोचला. तिथे छत्रपतींचे दप्तर, पेशव्यांचे कागद आणि घराण्या-घराण्यांच्या बखरी त्याला पाहता आल्या. प्रकृती ढासळल्याने १८२३ मध्ये तो मायदेशी परतला. पुढे आईच्या माहेरची बॅन्फजवळची ईडन येथील मालमत्ता त्याच्याकडे आली आणि तिच्याबरोबर 'डफ' हे नावही. १८२६ मध्ये त्याचा तीन खंडांचा इतिहास लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथ खपला नाही; लेखकालाच त्यात खोट आली. पुढे कॅप्टन डेव्हिड केपन याने तो 'मराठ्यांची बखर' या नावाने मराठीत आणला आणि शाळांमधून आपल्या पिढ्या त्यावर वाढल्या.

मराठी इतिहाससंशोधनाचा बराच भाग या ग्रंथाशी झालेल्या वादातून उभा राहिला. मराठ्यांचा उदय सह्याद्रीतल्या वणव्यासारखा अचानक भडकला, ही डफची उपमा न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली खोडून काढली. त्यामागे दीर्घ तयारी होती, असे त्यांनी दाखवले. त्याआधीच, १८६८ च्या सुमारास, नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने डफच्या बखरीवर टीका लिहिली होती. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, तीही डफचे साहित्य अपुरे आहे हे दाखवतच. डफने आपल्या आधाराच्या काही कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्या होत्या. त्या पुढे तिथे सापडल्या नाहीत. त्यामुळे त्याची विधाने पडताळायची तर मूळ कागद गावोगाव नव्याने शोधणे भाग पडले.

बॅन्फमध्ये या संदर्भात एक लोककथा आठवते. जेम्स मॅकफर्सन या सारंगीसारखे वाद्य वाजवणाऱ्या दरोडेखोराला १६ नोव्हेंबर १७०० रोजी इथे फाशी दिले. माफीचा हुकूम घेऊन स्वार येत होता, पण गावच्या अधिकाऱ्यांनी घड्याळ पुढे सरकवून घाई केली, असे लोक सांगतात. फाशीपूर्वी त्याने आपले वाद्य मोडून टाकले, असेही म्हणतात. खटला आणि शिक्षा यांची नोंद आहे. घड्याळाची गोष्ट मात्र लोकांच्या तोंडची आहे. तरीही ती निरुपयोगी नाही. निवाडा अन्यायाचा होता, ही गावाची भावना तिच्यात टिकली आहे.

आपल्या बखरींचेही असेच आहे. डफने त्या वापरल्या, कधी संशयाने तर कधी भाबडेपणाने. अफझलखानाच्या भेटीचा प्रसंग त्याने शिवाजी महाराजांचा आधीच रचलेला घात म्हणून मांडला. पुढच्या संशोधकांनी तो समकालीन कागद लावून पुन्हा तपासला. बखरीत घटना काय घडली आणि लोकांना ती कशी वाटली, या दोन गोष्टी एकत्र विणलेल्या असतात. त्या सोडवून पाहणे हे इतिहासकाराचे काम. ते अर्धवट राहिले की डफ हाउससारखा ग्रंथ उभा राहतो : दर्शनी भाग भक्कम, पण बाजूचे भाग बांधायचे राहून गेलेले. ते बांधण्याचे काम कीर्तने-राजवाड्यांनी हाती घेतले, आणि ते अजून संपलेले नाही.