तगरची वाट, कळंबचा मुक्काम

मांजरा नदीकाठच्या कळंब गावी परका मनुष्य येतो तो बहुधा तालुक्याच्या कचेरीत, बाजारात किंवा सोयरिकीच्या निमित्ताने. केवळ प्रदेश पाहावा म्हणून कळंबास उतरलो, असे सांगणारा विरळाच. प्रवासवर्णनकारांनीही या बाजूस फारसे पाऊल टाकलेले नाही. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ची वाट उत्तर हिंदुस्थानात गेली आणि पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ विलायतेस; कळंब ज्यावर वसले आहे त्या बालाघाटच्या पठाराच्या वाट्यास मुख्यत्वे आली ती गॅझेटियरे आणि देवस्थानांची माहात्म्ये.

आणि तरीही प्रवासवृत्ताने एखाद्या गावाचे केवढे कल्याण होऊ शकते, याचा उत्तम दाखला याच जिल्ह्यात, तेरणेच्या काठी असलेल्या तेर येथे सापडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या वृत्तांतात नमूद आहे की, भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे नगर असून, तेथून जाडेभरडे कापड व तलम वस्त्रे गाड्यांत लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून, बंदरास येतात. पुढे हे तगर नेमके कोठले, यावर विद्वानांत वाद माजला. कोणी देवगिरी म्हणाले, कोणी जुन्नर. शिलाहार राजे आपणांस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, तेवढ्यानेही निकाल लागेना. अखेर 1901 च्या सुमारास इतिहाससंशोधक फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर, असे सप्रमाण प्रतिपादन केले. त्या व्यापाऱ्याने तगरच्या सौंदर्याचे वर्णन केलेले नाही. दिशा, अंतर आणि मालाचा तपशील तेवढा दिला, आणि नेमका तोच उपयोगी पडला. ‘नयनरम्य’, ‘अविस्मरणीय’ अशा विशेषणांची खैरात करणाऱ्या आजच्या लेखकांनी याचा अवश्य विचार करावा. कारण ही विशेषणे कोणत्याही गावास चिकटवता येतात.

तेरला संत गोरोबाकाकांचे मंदिर आहे, मुळात बौद्ध चैत्यगृह असलेले विटांचे त्रिविक्रम मंदिर आहे आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंतून उभे राहिलेले संग्रहालय आहे. येथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे 1938 मध्ये इटलीतील पाँपेईच्या अवशेषांत सापडलेल्या मूर्तीशी साम्य आहे. पावसाळ्यात पांढरीच्या टेकाडांवर मणी व खापरे उघडी पडतात, तेव्हा हौशी पाहुण्याचा हात खिशाकडे वळतो. परंतु मणी कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी होता, हे कळल्यावाचून त्याचा काळ ठरविता येत नाही. म्हणून वाचकास तेरची वाट दाखविणाऱ्याने सापडलेली वस्तू आहे तेथेच राहू देण्याची सूचनाही त्याच मजकुरात दिली पाहिजे.

कळंब तालुक्यातीलच येरमाळा येथे याच्या अगदी उलट दृश्य दिसते. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत लक्षावधी भाविक शेतातून चुनखडीचे खडे वेचतात, ते देवीस अर्पण करण्यासाठी. संबळाच्या तालावर आराधी गातात, ‘आई राजा उदो उदो’चा गजर चालतो, आणि तुळजाभवानीची धाकटी बहीण म्हणून लोक या देवीकडे पाहतात. ही यात्रा म्हणजे पर्यटकांसाठी मांडलेला खेळ नव्हे. तिचे वर्णन करणाऱ्याने श्रद्धेची टवाळी करू नये, तसेच तिचे छायाचित्रांपुरते शोभादर्शनही करू नये. चुनखडी का वेचतात, हे यात्रेकरूलाच विचारावे आणि त्याच्याच शब्दांत लिहावे.

पाण्याची गोष्ट मात्र बहुतेक लेखकांच्या लेखणीतून निसटते. कळंबजवळच धनेगावचे मांजरा धरण आहे. 2016 च्या उन्हाळ्यात ते आटले आणि या धरणावर विसंबलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा मुलखात पाहुण्यांची गर्दी वाढविणे हे पुण्यकर्म आहेच असे नाही. नवसाचे भाविक चैत्रात येणारच; इतरांनी दिवाळीनंतर, विहिरींना पाणी असताना यावे, कळंबास मुक्काम करून येरमाळा, येडशीचे रामलिंग मंदिर आणि तेर सावकाश पाहावे, आणि जेवण स्थानिक खानावळीत घ्यावे, म्हणजे पाहुण्याचा पैसा गावातच राहील.