अंतर किती, वेळ किती?

उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस निघालेल्या विद्यार्थ्याचे तिकीट घरात आले, की आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, "पोचायला किती तास लागतात?" प्रश्न साधा आहे, पण नुसत्या किलोमीटरवरून त्याचे उत्तर देता येत नाही. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को या प्रवासाचे उदाहरण घेऊन हा हिशेब समजून घेऊ.

पृथ्वीच्या गोलावर या दोन विमानतळांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो. हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही गोष्ट लक्षात येत नाही. अर्थात हे झाले कमीत कमी अंतर. प्रत्यक्ष मार्ग वारा, हवामान आणि कोणत्या देशांच्या आकाशातून जाता येते, यांवर ठरतो.

एअर इंडियाचे या मार्गावरील विमान आधी अटलांटिक महासागरावरून जात असे. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले. तरीही विमान साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर पोचले!

याचे कारण वारा. विमाने उडतात त्या उंचीवर या पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. सोयीसाठी विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरू. मागून १५० चा वारा मिळाला तर वेग १,०५० होतो. समोरून ५० चा वारा आला तर तो ८५० वर येतो. आता १५,३०० ला १,०५० ने आणि १३,९०० ला ८५० ने भागून पाहा. पहिले उत्तर साडेचौदा तास, तर दुसरे सोळा तासांहून अधिक येते.

दुसरा घोटाळा घड्याळाचा. तिकिटावर निघण्याची आणि पोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणची छापलेली असते. सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा व हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते. समजा, ऑक्टोबरमध्ये रविवारी पहाटे ४ वाजता दिल्लीहून विमान निघाले. साडेचौदा तासांनी आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजतील. तिथे मात्र त्याच रविवारची सकाळचे ६ ची वेळ असेल. तिकिटावर प्रवास दोनच तासांचा दिसेल!

परतताना उलट होते. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला ध्रुवीय मार्गाने विमान आणले. ते शनिवारी, ९ तारखेला रात्री निघाले आणि सोमवारी, ११ तारखेला पहाटे उतरले. तारखा दोनने पुढे सरकल्या, तरी उड्डाण सुमारे सतरा तासांचेच होते.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, तिकीट काढण्यापूर्वी दोन्ही वेळा भारतीय वेळेत मांडा, मगच वजाबाकी करा. त्यात विमानतळावर तीन तास आधी पोचणे, मधल्या विमानतळावरील थांबा आणि उतरल्यावरची तपासणी मिळवा. विद्यापीठात हजर होण्याची तारीख तिथल्या दिनदर्शिकेप्रमाणे असते, हेही विसरू नका. हा हिशेब कागदावर लिहून घरी ठेवून जा. त्यामुळे फोन केव्हा येईल हे आईवडिलांना कळेल आणि त्यांचा जीव विनाकारण टांगणीला लागणार नाही.